कॅप्सूलचे दिवस

लिफ्ट तपासणाऱ्या बाईलाच लिफ्टमध्ये पाय ठेवायची धास्ती वाटू लागली, तर तिने ते सांगायचं तरी कोणाला?

शहरातल्या लिफ्टा तपासायच्या, चालवायला योग्य असतील तर सही करायची, नसतील तर कुलूप लावायचं, हे तिचं काम. उणीपुरी वीस वर्षं ती ते करत होती. ऑफिसात तिला सगळे कानसेन बाई म्हणत. बाकीचे तपासनीस आल्याआल्या उपकरणं काढून बसायचे. ही आधी लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहायची, एकदा वर, एकदा खाली जायची आणि म्हणायची, "ब्रेक घासतोय" किंवा "डाव्या रुळाला तेल नाही". मग वरच्या मशीनच्या खोलीत जाऊन उघडून बघितलं की तेच निघायचं. तिच्या हाताखाली शिकलेला पैलवान तर म्हणायचा, बाईंना लिफ्ट स्वतःहून तक्रार सांगते. पैलवान हे त्याचं टोपणनाव. अंगाने इतका किडकिडीत, की पंख्याखाली उभा राहिला तर पंखा बंद करावा लागेल.

पन्नाशी ओलांडली आणि तिचं अंग तिच्याशी वाकडं वागू लागलं. बसल्या जागी छातीतून वाफ उठायची, मानेवर, कपाळावर चढायची आणि दोन मिनिटांत कपडे ओलेचिंब. झोप म्हणाल तर डोळ्याला डोळा नाही. पाळी कधी यायची, कधी दोन-दोन महिने तोंड दाखवायची नाही. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणाला, "अगं, डॉक्टरकडे जा. तू रोज सकाळी माझ्याकडे अशी बघतेस की माझं उत्तर चुकलंय असं वाटतं."

ती गेली. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या, शांतपणे बोलणाऱ्या. सगळं विचारून, तपासून त्यांनी हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी सुरू करू म्हटलं. इस्ट्रोजेनचं जेल रोज दंडाला चोळायचं आणि महिन्यातले साधारण निम्मे दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल घ्यायची.

"दोन्ही कशाला? मला जेल पुरेल," ती म्हणाली. कमीत कमी औषधात भागवायचं हा तिचा स्वभाव.

"गर्भाशय आहे ना तुम्हाला? मग नाही पुरणार. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर जाड होत जातं. पुढे त्यातून कॅन्सरचाही धोका असतो. कॅप्सूल त्या अस्तराला आवर घालते. ती आपल्या मनाने बंद करायची नाही."

जेलने जादू केली. काही आठवड्यांत वाफा ओसरल्या, रात्री झोप लागू लागली. नवऱ्याने मुलीला फोन करून सांगितलं, "तुझी आई परत आली." मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जपून राहा, आता ती तुमच्या चुका काढेल."

मग कॅप्सूलचे दिवस आले.

पहिल्या सकाळी तिला उठवेना. कोणी रात्रभर ओली गोधडी अंगावर टाकून ठेवली असावी, तसं जड जड. दात घासताना तोल गेला म्हणून बेसिन धरलं. दोन-तीन दिवसांत छाती इतकी हुळहुळी झाली की हत्यारांच्या पिशवीचा पट्टा खांद्यावरून घेववेना. पोट फुगून पँटचं बटण लागेना. यावर तिला हसता आलं. पँटमध्ये तिने रबर अडकवलं आणि पैलवानाला म्हणाली, "आता आपल्या दोघांचं मिळून एक बरोबर माप होतं."

पण त्यामागून जे आलं त्यावर हसता येईना. सुरुवात किरकोळ गोष्टींपासून झाली. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का? अर्ध्या रस्त्यातून ती परत आली. बंद होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा परतली. मुलीने फोन उचलला नाही, तर तिला अपघात झाला असेल इथपासून ओळख पटवायला कोण जाईल इथपर्यंत सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मुलगी मीटिंगमध्ये होती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते तिला आजवर इतरांसाठीच आहे असं वाटायचं. पोटात सतत एक गोळा. कशाचा, विचारलं तर सांगता येत नव्हतं. कारण आधी नसायचंच, भीती आधी यायची आणि मग आपल्याला बसायला एखादं कारण शोधायची.

कामावर तिला आयतं कारण मिळालं. एका कापड दुकानाच्या लिफ्टमध्ये ती नेहमीसारखी डोळे मिटून उभी राहिली आणि तिला सगळंच ऐकू येऊ लागलं. दोरांची कुरकुर, दाराची थरथर, पंख्याची घरघर. एरवी यातला कुठला आवाज साधा आणि कुठला वाईट हे तिचं मन आपोआप निवडायचं. आता सगळेच वाईट वाटत होते. तिने तीनदा तपासणी केली. दुकानदार घड्याळ बघत होता.

"बाई, बरं नाहीये का?" पैलवानाने विचारलं.

"मला काय धाड भरलीये?" ती खेकसली. संध्याकाळी तिला स्वतःचीच लाज वाटली, पण माफी मागायलाही जीव धजेना. त्यातून तो भलतंच काही विचारेल, अशी भीती.

पहिली खेप तशीच सरली. कॅप्सूल थांबली, दोनेक दिवसांत मन निवळलं आणि तिने तो विषय झाडून टाकला. कामाचा ताण असेल, वय असेल. माणूस बरा झाला की दुखणं विसरतो.

दुसऱ्या खेपेला ती एका आठ मजली इमारतीत गेली. पैलवान त्या दिवशी रजेवर होता. जुनी लिफ्ट, पण नीट निगा राखलेली. वरून खाली येताना चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये तिला 'टक' असं ऐकू आलं. ती पुन्हा वर गेली. खाली येताना पुन्हा 'टक'. तिसऱ्या वेळी आला नाही. चौथ्या वेळी आला, किंवा आला असं वाटलं. वर जाऊन तिने दोर हातात कापड धरून चाचपले, ब्रेक बघितला, मापं घेतली. सगळी मापं ठीक. तरी काळजाचे ठोके कानात वाजत होते. सही करायला पेन काढलं आणि डोळ्यांसमोर लिफ्ट तुटून खाली जाताना दिसली, आत माणसं. तिने पेन ठेवलं आणि लिफ्टला कुलूप लावलं.

सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, मागच्या वेळी तुम्हीच पास केली होती."

"आवाज येतोय."

"कसला? आम्हाला तर नाही येत."

"तुमच्या कानांवर मी सही करू का?" ती म्हणाली. आपला आवाज चिरकलाय हे तिला कळलं.

सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "सहाव्या मजल्यावर आजोबा आहेत. उद्या त्यांचं डायलिसिस आहे. त्यांना जिना नाही उतरता येत."

तिने मान हलवली, ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना फोन करून उद्याच लिफ्टच्या कंपनीचा माणूस बोलवायला सांगितलं आणि निघाली. रस्त्यात दोनदा वाटलं, परत जावं. पण परत जाऊन काय करावं? उघडावं की दुसरंही कुलूप लावावं, याचा निर्णय होईना.

मोठ्या साहेबांनी स्वतः जाऊन, कंपनीचा मेकॅनिक सोबत घेऊन, ती लिफ्ट अक्षरशः सोलून काढली. काही निघालं नाही. एक सैल खिळा नाही. तिला खोलीत बोलावलं तेव्हा तिला वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. चहा मागवला.

"तुम्ही बंद केलीत म्हणून मी डोळे झाकून मानलं," ते म्हणाले. "तुमचा कान म्हणजे आमच्या ऑफिसची इभ्रत. पण थोडी विश्रांती घ्या. चार दिवस घरी बसा."

शिव्या परवडल्या असत्या. ती घरी आली आणि खुर्चीत बसून राहिली. वीस वर्षं ज्याच्या भरवशावर भाकरी खाल्ली तो कानच फितूर झाला होता. एक चूक झाली याचं एवढं नव्हतं. पण आता यापुढचा प्रत्येक आवाज खरा की खोटा, हे ठरवायचं कशाने? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे ठीक. पण खरोखरच एखाद्या दिवशी मागे राक्षस असला तर?

त्याच चार दिवसांत कॅप्सूलची खेप संपली. आणि एका सकाळी ती उठली तर पोटातला गोळा नव्हता. इतका वेळ चालू असलेला मिक्सर कोणीतरी बंद करावा आणि तेव्हा कळावं की तो चालू होता, तसं झालं. ती बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला आज भीती वाटत नाहीये."

तो शाळेचे पेपर तपासत होता. चष्मा वर करून म्हणाला, "मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. पंधरा दिवस तू घरभर कुलपं तपासत फिरलीस आणि मग एक दिवस शीळ घालत उठलीस. मला वाटलं, बोललो तर चिडशील."

"चिडलेच असते."

"म्हणून तर."

तिने बोटांवर हिशेब लावला. कॅप्सूलचे दिवस आणि भीतीचे दिवस, एकावर एक बरोबर बसत होते. तिला आधी हायसं वाटलं. लगोलग राग आला. आणि मग सहाव्या मजल्यावरचे आजोबा आठवले.

ती त्या इमारतीत गेली. लिफ्ट सुरू झाली होती, पण ती जिन्याने चढली. दार आजींनी उघडलं. आजोबा पलंगावर उशांना टेकून बसले होते, हातावर पट्टी. तिने आपण कोण ते सांगितलं. म्हणाली, "लिफ्टमध्ये दोष नव्हता. माझा अंदाज चुकला. तुम्हाला त्रास झाला."

आजोबा हसले. "अहो, चौघांनी खुर्चीत बसवून उतरवलं. जिवंतपणी चौघांच्या खांद्यावर जायचा मान मिळाला."

आजी हसल्या नाहीत. "शेजारच्या मुलाची पाठ धरली," त्या म्हणाल्या. "येताना पाचव्या मजल्यावर हे अर्ध्या तासाच्या वर जिन्यात बसून होते, ओठ निळे झाले होते. तुम्ही सॉरी म्हणायला आलात, चांगलं झालं. पण मला चहा करायला सांगू नका."

"नाही," ती म्हणाली.

ती उठली तेव्हा आजोबांनी विचारलं, "उद्या पुन्हा आवाज आला, तर बंद कराल ना?"

ती दारात थांबली. हो म्हणावं तर आजी समोर होत्या. नाही म्हणावं तर ती लिफ्टची तपासनीस कसली? ती वळली आणि जिना उतरू लागली.

पुढची खेप जवळ येऊ लागली तसतशी तिला कॅप्सूल घेण्याचीच धडकी भरली. पहिल्या रात्री तिने गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि पुन्हा कपाटात ठेवली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. जेल मात्र चोळत राहिली. दुसऱ्या दिवशी मन निवांत. तिसऱ्या दिवशीही. तिला वाटलं, सुटले.

आठवडा झाला नसेल, कामावर मशीनच्या खोलीत वाकून बघताना तिला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. अस्तर जाड होत जातं. झालं, पोटात तो ओळखीचा गोळा पुन्हा. आता तर कॅप्सूलही नव्हती पोटात. दोष द्यायचा कोणाला? ही भीती तिची स्वतःची होती, आणि ती खरी होती. तिच्या लक्षात आलं की कॅप्सूलची भीती आणि ही, दोन्ही आतून सारख्याच लागतात. तेच धडधडणं, तोच घाम. फरक इतकाच, की हिला विचारलं तर ती उत्तर देत होती. डॉक्टरने काय सांगितलं होतं, तू काय केलंस, कधीपासून.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो रागावला नाही, पण गप्प झाला, आणि गणिताचा मास्तर गप्प झाला की वर्गातली टवाळ पोरंही सरळ बसतात. मग म्हणाला, "उद्या मी रजा टाकतो. दोघं जाऊ."

डॉक्टरीणबाईंसमोर तिने सगळं ओकून टाकलं. कुलपं, मुलीचा फोन, लिफ्ट, आजोबा, न घेतलेल्या कॅप्सूल. सांगताना रडूही आलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? मला भीती वाटते म्हणून?"

"हो. हेच सांगायचं." त्यांनी कागद बाजूला सारला. "काही बायकांना प्रोजेस्टेरॉन मानवत नाही. कोणाला गुंगी, कोणाची छाती दुखते, कोणाचं मन असं सैरभैर होतं. त्यात तुमचा भित्रेपणा नाही. बऱ्याच जणींचं दोन-तीन महिन्यांत कमी होतं, सगळ्यांचं होत नाही. कॅप्सूल कधी घेत होतात?"

"रात्री. जेवण झाल्या झाल्या."

"पोटभर जेवून?"

"मग? आमच्या आईने शिकवलंय, औषध रिकाम्या पोटी घ्यायचं नाही."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "आईंचं बाकी औषधांना चालेल. हे जेवणासोबत घेतलं तर रक्तात जास्त उतरतं. मी सांगितलं होतं झोपताना, जेवणानंतर बऱ्याच वेळाने."

"मला झोपताना एवढंच आठवतंय," ती म्हणाली. "आमच्याकडे जेवलं की झोपतात."

मग त्यांनी आतून सोनोग्राफी करून अस्तर बघितलं. ती टेबलावर पडून छताकडे बघत राहिली आणि छतावरच्या दिव्याची घरघर ऐकत राहिली. अस्तर ठीक होतं. काही दिवस चुकल्याने एवढ्यात काही बिघडलेलं नव्हतं. पुढचे मार्ग त्यांनी समजावून सांगितले. तीच कॅप्सूल तोंडाने न घेता रात्री योनीमार्गात ठेवता येते. त्यात डोक्यापर्यंत कमी पोचते, गर्भाशयाला मात्र मिळते. तेही नाही जमलं तर हार्मोनची तांबी गर्भाशयात बसवता येते. आधी पहिलं करून बघू, असं ठरलं.

निघताना तिने विचारलं, "पण त्या दिवसांत आवाज ऐकू आला तर खरा की खोटा, कसं ओळखू?"

"ते मला नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला लिफ्टमधलं काही कळत नाही."

ऑफिसात सांगणं याहून कठीण. तिने आधी पैलवानाला गाठलं, मशीनच्या खोलीत, जिथे कोणी येत नाही. पाळी, हार्मोन, कॅप्सूल, सगळं एका दमात सांगितलं आणि त्याच्याकडे न बघता पाना पुसत राहिली.

"म्हणजे त्या दिवशी मला धाड भरलीये का म्हणालात, ते कॅप्सूल बोलत होती?"

"थोडी कॅप्सूल. थोडी मी."

त्याने डोकं खाजवलं. "मग असं करू. त्या दिवसांत दोघं जाऊ. आधी तुम्ही ऐका, मला सांगू नका. मग मी ऐकतो. मग मापं. आणि मग बोलू."

मोठ्या साहेबांना तिने एवढंच सांगितलं की औषधं चालू आहेत, काही महिने त्या ठरावीक दिवसांत तपासणीला दोघं लागतील. साहेबांचे कान लाल झाले, त्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा इकडून तिकडे केला आणि हो म्हणाले. घरी त्यांचीही बायको त्याच वयाची असावी.

पुढची खेप आली. तिला वाटलं होतं, एकतर सगळं जाईल नाहीतर सगळं तसंच राहील. दोन्ही झालं नाही. सकाळचं जडपण बरंच कमी झालं. छाती दुखत होतीच. भीती आली, पण पूर्वी घरात घुसून पलंगावर आडवी व्हायची, ती आता उंबऱ्याशी उभी राहून डोकावत होती. एकदा गॅस बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परतली. दुसऱ्यांदा परतावंसं वाटलं, तर तिथेच रस्त्याच्या कडेला थांबली, हाताच्या मुठी आवळल्या, सोडल्या आणि पुढे चालू लागली. दिवसभर गॅसच डोक्यात होता. घर जागेवर होतं.

त्याच दिवसांत एका दवाखान्याची लिफ्ट आली. स्ट्रेचर मावेल अशी मोठी. ती डोळे मिटून उभी राहिली. खाली येताना वरच्या बाजूला बारीक खडखड ऐकू आली. तोंडातून शब्द निघू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले आणि पैलवानाला खूण केली. तो एकटा वर गेला, खाली आला.

"मला काही विशेष वाटलं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला?"

"वरून खडखड."

"बघू."

दोघांनी दोर बघितले, ब्रेक दाबून बघितला, वेग मोजला, खाली खड्ड्यात उतरून धक्का झेलणारे बफर बघितले. सगळं मापात. पैलवानाने लिफ्टच्या टपावर चढून दिव्याचं झाकण हलवलं. एक स्क्रू ढिला. हलवलं की खडखड.

"आहे बाई," तो म्हणाला. "पण यात लिफ्ट पडायची नाही."

त्याने स्क्रू आवळला. त्यांनी पुन्हा एक फेरी मारली. खडखड गेली होती, पण भीती तिथेच. तिला वाटलं, आणखी एकदा बघावं. मग आणखी एकदा. दवाखान्याचा माणूस दारात उभा होता, मागे व्हीलचेअरवर एक बाई, मांडीवर एक्स-रेचं पाकीट. तिने मापांकडे बघितलं. मापं ठीक होती. पैलवानाकडे बघितलं. तो काही बोलला नाही, ठरलं होतं तसं.

तिने सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. मग व्हीलचेअर आत आली, तेव्हा ती बाहेर पडायच्या ऐवजी आतच थांबली आणि त्या बाईसोबत वरच्या मजल्यापर्यंत गेली, डोळे उघडे ठेवून.

तांबीबद्दल तिने अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन महिने बघू. नवरा म्हणतो, घाई कशाला, तुझे पंधरा दिवस मला पाठ झालेत. कॅप्सूलच्या दिवसांत तो सकाळी शाळेला निघताना गॅसचा खटका फिरवून बघतो आणि तिच्याकडे बघून मान हलवतो. ती तरी एकदा बघतेच. मग निघते.